पळसदरीचा फाटा

कर्जत सोडलं की खोपोली लोकलचं पहिलं स्टेशन पळसदरी. इथे रूळ दोन वाटांना फुटतात. एक वाट ठाकूरवाडी, मंकी हिल करत बोरघाट चढते आणि खंडाळा-लोणावळ्यावरून पुण्याला जाते. दुसरी डोंगराच्या पायथ्यानं केळवली, डोळवली, लौजी घेत खोपोलीला जाऊन थांबते. नकाशा पाहणाऱ्याला वाटावं की मुख्य मार्ग आधीचा आणि खोपोलीचा फाटा मागाहून काढलेला. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. जी.आय.पी. रेल्वेची गाडी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीला पोचली ती १२ मे १८५६ रोजी. पलीकडे घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत फोडून व्हायचा होता. ती पाच वर्षं मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, साधारण एकवीस किलोमीटरचं अंतर पालखीतून, घोड्यावर किंवा बैलगाडीतून चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. अर्धा प्रवास नव्या युगातला, अर्धा जुन्यातला, आणि तिकीट काढणाऱ्याला दोन्ही हवेत. घाट पूर्ण झाल्यावर खोपोलीची वाट मुख्य राहिली नाही. तिचा फाटा झाला.

बँका, कारखाने, विमा कंपन्या, पतसंस्था यांच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर आणि स्टोरेज कसं बदलावं, हा या प्रकरणाचा विषय. त्याची सुरुवात या फाट्यापाशी करण्याचं कारण असं की यंत्रं बदलण्याची चर्चा बहुधा खरेदीची चर्चा होऊन बसते. कोणत्या कंपनीचं घ्यायचं, किती कोअरचा प्रोसेसर, किती टेराबाइट, सूट किती, एएमसी किती वर्षांची. निविदा निघते, माल येतो, रॅकमध्ये चढतो आणि कामाचं चीज झालं असं सगळ्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की नवं यंत्र आलं त्या दिवशी काम जेमतेम सुरू होतं. जुनं अजून चालू आहे आणि नवंही चालू झालं आहे, असा एक मधला काळ असतो. त्या काळात धंदा थांबलेला नसतो, पैसे भरणारा खिडकीशी उभा असतो, गोदामातून माल निघत असतो. बदल नीट झाला की फसला, हे या मधल्या काळावरून ठरतं. म्हणून नियोजन, पैसा आणि माणसं यांचा मोठा वाटा यंत्राच्या किमतीइतक्याच गांभीर्यानं या काळासाठी राखून ठेवायला हवा. बहुतेक अंदाजपत्रकांत त्याला साधी ओळही नसते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. सर्व्हर म्हणजे हिशेब करणारं यंत्र, स्टोरेज म्हणजे हिशेब लक्षात ठेवणारं. हिशेब करणारं यंत्र बदलणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. एका लोखंडी सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याची पद्धत रुळली आणि २००३ मध्ये व्हीएमवेअरनं चालू आभासी सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय बाजारात आणली. ती युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. चालू सर्व्हरची मेमरी पानापानानं नव्या यंत्रावर नेली जाते. नेता नेता जुन्या बाजूला काही पानं बदलतात, कारण काम चालूच असतं. मग तेवढीच पानं दुसऱ्या फेरीत नेतात. दुसऱ्या फेरीत बदललेली तिसऱ्या फेरीत. प्रत्येक फेरीत उरलेलं ओझं कमी होत जातं आणि शेवटी इतकी थोडी पानं राहतात की क्षणभर काम रोखून ती उचलता येतात. हा थांबा बहुधा सेकंदाच्या आतला असतो. पलीकडे बसलेल्या कारकुनाला तो जाणवतही नाही. लक्षात घ्यायचं ते हे, की ही जादू दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असल्यामुळेच साधते. आणि दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर एकाच घराण्यातले आणि फार अंतर नसलेल्या पिढ्यांचे असले तरच साधते. ही दुसरी अट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

लक्षात ठेवणारं यंत्र बदलणं हे मात्र वेगळंच प्रकरण. समजा एखाद्या कारखान्याची शंभर टेराबाइट माहिती जुन्या स्टोरेजवरून नव्यावर न्यायची आहे. सेकंदाला दहा गिगाबिट वाहून नेणारी वायर पूर्ण वेगानं चालली तर ऐंशी हजार सेकंद, म्हणजे सुमारे बावीस तास लागतील. वायर एक गिगाबिटची असेल तर नऊ दिवस. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात त्याच वायरीवर रोजचं कामही चालू असतं, म्हणून वेळ आणखी वाढतो. त्या वेळात नव्या नोंदी होत राहतात, जुन्या बदलतात. म्हणून जाणते लोक हे काम पायऱ्यांनी करतात. पहिली नक्कल पूर्ण करायची, मग तोवर झालेले बदल नेत राहायचे, मग प्रत्येक नवी नोंद दोन्हीकडे एकाच वेळी लिहायची, दोन्हीकडच्या नोंदींची बेरीज-पडताळणी करायची आणि मगच वाचन नव्या बाजूनं सुरू करायचं. यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. नवं मुख्य झालं की त्यावर होणाऱ्या नोंदी काही आठवडे उलट दिशेनं जुन्याकडे वाहत राहिल्या पाहिजेत. तसं केलं नाही तर तिसऱ्या दिवशी नव्यात खोट सापडल्यावर मागे फिरायला जागा उरत नाही, कारण जुनं यंत्र शाबूत असलं तरी त्यातली माहिती तीन दिवस शिळी झालेली असते. परतीचा रूळ नसलेला बदल म्हणजे मागचा पूल जाळून पुढे जाणं.

पळसदरीवरून जाणाऱ्या गाड्यांनी या मधल्या काळाचा एक उत्तम नमुना दिला आहे. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पाच-सहा वर्षांत हीच वीज कल्याणवरून घाट चढून पुण्यापर्यंत गेली. पुढे देशभर २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह हे मानक ठरलं आणि त्याचं कारण साध्या भागाकारात आहे. साडेचार मेगावॉटच्या इंजिनाला १५०० व्होल्टवर तीन हजार अँपिअर ओढावे लागतात. २५ हजार व्होल्टवर ढोबळमानानं १८० पुरतात. तारा हलक्या, उपकेंद्रं कमी, वाया जाणारी वीज कमी. इतका उघड फायदा असूनही मुंबईची लोकल एक दिवस बंद ठेवून तारा बदलणं शक्य नव्हतं. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं आली. भेलनं बांधलेली डब्ल्यूसीएएम-३ जातीची इंजिनं १९९७ पासून मध्य रेल्वेवर धावू लागली आणि पुढे लोकलचे रेकही दोन्ही प्रवाहांचे आले. मग टप्प्याटप्प्यानं तारा बदलत गेल्या. मुंबईच्या मुख्य मार्गावरचं काम जून २०१५ मध्ये आणि हार्बरवरचं एप्रिल २०१६ मध्ये संपलं. इथे रेल्वेनं एक धाडसी खर्च केला होता: दोन प्रवाह ओळखण्याची जी खास करामत त्या इंजिनांत होती, ती काम संपल्यावर निरुपयोगी होणार हे विकत घेतानाच ठाऊक होतं. मधल्या काळासाठी मुद्दाम पैसा खर्चणं म्हणतात ते हे.

त्याच रेल्वेच्या दुसऱ्या एका यंत्रणेत मधला काळ लांबणीवर पडला की काय होतं तेही दिसतं. प्रवासी आरक्षणाचं संगणकीकरण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि १९९९ पर्यंत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. या यंत्रणेचा पाया ओपनव्हीएमएस नावाची कार्यप्रणाली. ती मुळात डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांसाठी लिहिलेली, नंतर अल्फा आणि मग इटॅनियम प्रोसेसरवर नेलेली. सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून ती इटॅनियम सर्व्हरवर चालते, मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटं देते आणि नव्या यंत्रणेची क्षमता त्याच्या चौपट असेल, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितलं. पंधरा वर्षं एका यंत्रणेनं देशाचं आरक्षण पेललं, याला दाद द्यायलाच हवी. पण इंटेलनं शेवटचे इटॅनियम प्रोसेसर जुलै २०२१ मध्ये पाठवले आणि कारखाना थांबवला. यंत्राचं आयुष्य ते वापरणारा ठरवत नाही. प्रोसेसर बनवणारा, कार्यप्रणाली लिहिणारा आणि सुटे भाग पुरवणारा, यांच्यापैकी जो आधी हात वर करेल तो ठरवतो. आणि जितकं थांबावं तितकी उडी लांब होत जाते. दोन-तीन पिढ्यांच्या अंतरावर चालू सर्व्हर क्षणात हलवता येतो. घराणंच बदललं की सर्व्हर, कार्यप्रणाली, डेटाबेस आणि कधी कधी मूळ प्रोग्रामची भाषाही एका झटक्यात बदलावी लागते, आणि इतक्या दूरच्या दोन काठांना जोडणारं दोन प्रवाहांचं इंजिन बाजारात तयार मिळत नाही. ते स्वतः घडवावं लागतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: चालतंय तोवर चालू दे, बिघडेल तेव्हा बघू. पंखा किंवा मिक्सर याच न्यायानं चालतो आणि त्यात चूकही नाही. पण हा न्याय धरायचा तर बिघाडानं आधी वर्दी द्यायला हवी. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या खुणा नोंदवते, त्यांतल्या चार खुणा खरोखर बोलक्या निघाल्या. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी या चारांपैकी एकही खूण दाखवली नव्हती. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं की प्रत्यक्षात वर्षाला शेकडा दोन ते चार डिस्क बदलाव्या लागतात, म्हणजे माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून वाटतं त्याच्या काही पट. आता यात आणखी एक गोष्ट मिळवा. वीस टेराबाइटची डिस्क गेली की तिच्या जागी नवी घालून माहिती पुन्हा उभारायला सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या वेगानं एक लाख सेकंद, म्हणजे जवळपास अठ्ठावीस तास लागतात. पेटीच्या दर्शनी भागावर एक नारिंगी दिवा लुकलुकत असतो आणि त्या अठ्ठावीस तासांत उरलेल्या साऱ्या डिस्क नेहमीपेक्षा जोरात राबत असतात. त्या सगळ्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या. दुसरा दिवा लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती नेमकी याच वेळी. बिघडल्यावर बदलणं म्हणजे मधला काळ टाळणं नव्हे. तो आपल्या सोयीऐवजी यंत्राच्या मर्जीनं सुरू होतो, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो जगातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटरवाल्यांच्या वागण्यातून येतो. अ‍ॅमेझॉननं आपल्या सर्व्हरचं हिशेबातलं आयुष्य २०२० पासून तीनाचं चार, मग पाच आणि २०२४ मध्ये सहा वर्षं केलं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आणि गूगलनं २०२३ मध्ये सहा वर्षं धरली. आपल्याकडेही कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्व्हर आणि नेटवर्कचं आयुष्य सहा वर्षं आणि टेबलावरच्या संगणकांचं तीन वर्षं धरलं आहे. मग आपण चौथ्या वर्षीच घाई का करावी? घाई करू नये, हे मलाही मान्य आहे. पण सहा वर्षं हा आकडा त्या कंपन्यांना ज्या कारणानं परवडतो ते पाहायला हवं. त्यांच्या घरात लाखो सर्व्हर असतात आणि त्यातला कोणताही एक कधीही मेला तरी काम दुसऱ्यावर सरकेल अशी रचना पहिल्यापासून असते. तिथे जुनं आणि नवं रोजच एकत्र नांदतं; मधला काळ कधी संपतच नाही. चार सर्व्हर आणि एक स्टोरेज पेटी असलेल्या सहकारी बँकेला हे सुख नाही. तिथे चारातला एक गेला की पाव डेटा सेंटर गेलं. शिवाय अ‍ॅमेझॉननंच २०२५ पासून काही यंत्रांचं आयुष्य सहावरून पुन्हा पाचवर आणलं, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत यंत्रं फार झपाट्यानं जुनी होऊ लागली. म्हणजे आकडा हा नियम नव्हेच. लहान संस्थेनं त्यांचा आकडा उचलण्यापेक्षा सवय उचलावी: सगळी यंत्रं एकाच वर्षी न घेता दरवर्षी थोडी थोडी बदलावीत, म्हणजे कोणत्याही दोन शेजाऱ्यांमध्ये फार अंतर पडत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालवायची तर वीज दुप्पट, जागा दुप्पट, एएमसीची मुदत वाढवायची, माणसांना दोन्हीकडे राबवायचं. संचालक मंडळ विचारणारच की एका कामाला दोन बैलजोड्या कशाला? विजेचा हिशेब आधी पाहू. सतत ४०० वॉट खाणारा एक सर्व्हर वर्षाला साधारण ३,५०० युनिट जाळतो, थंडाव्याची वीज वेगळी. जुन्या दहा सर्व्हरचं काम नव्या दोन-तीनांवर मावलं, आणि ते बऱ्याचदा मावतं, तर दोन महिने दोन्ही चालवण्याचा बोजा पुढच्या काही महिन्यांच्या बचतीत भरून निघतो. उरलेल्या खर्चाचं उत्तर कर्जतला मिळतं. बोरघाटाचा चढ ३७ ला १ इतका खडा आहे. तो पेलायला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. ती घाट चढेपर्यंत गाडी ढकलतात, वर पोचल्यावर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परत येतात. मुंबई-पुणे सबंध मार्गभर प्रत्येक गाडीला जादा इंजिन बांधायचं म्हटलं तर कोणत्याही रेल्वेचं दिवाळं निघेल. चढापुरतं लावायचं तर तो कामाचा रास्त भाग ठरतो. स्थलांतरापुरतं स्टोरेज भाड्यानं मिळतं, पुरवठादाराकडून काही महिन्यांचा समांतर परवाना मागता येतो, जाणकार इंजिनिअर दोन महिन्यांसाठी बोलावता येतात. फक्त हे सगळं निविदेच्या कागदात आधी लिहावं लागतं. माल पोचल्यावर बँकर मागायला गेलं तर तो मिळत नाही, किंवा भलत्या भावानं मिळतो.

चौथा आक्षेप धडाडीच्या माणसाचा. दोन संसार महिनोन्महिने चालवत बसण्यापेक्षा एका शनिवार-रविवारात सगळं हलवून सोमवारी नव्यावर कामाला लागावं; दुखणं एकदाच, आणि संपलं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये नेमकं असंच केलं. पन्नास लाखांहून अधिक ग्राहक एका आठवडाअखेरीस जुन्या यंत्रणेवरून नव्यावर नेले. माहिती बव्हंशी सुखरूप पोचली, पण नवी यंत्रणा सुरू होताच गर्दीखाली कोलमडली. लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना आणि घडी पूर्ण बसायला वर्षअखेर उजाडली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. नंतरच्या चौकशीतला एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे: नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकदम चालणार होती, पण भार सोसण्याची चाचणी त्यांतल्या एकावरच झाली होती. सारख्याच धरलेल्या दोन जागा प्रत्यक्षात सारख्या निघाल्या नाहीत. तरीही या आक्षेपात सत्याचा अंश आहे. काही बदल खरोखरच एका क्षणात करावे लागतात. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे वाहतूक डावीकडून उजवीकडे वळवली, तेव्हा दोन्ही नियम आठवडाभर एकत्र चालवून पाहणं कुणाला परवडलं असतं? पण त्या एका पहाटेआधी चार वर्षांची तयारी होती, पाट्या झाकून तयार ठेवलेल्या होत्या. मधला काळ टाळता आला नाही. तो तालमीत घालवला गेला. ज्याला एका रात्रीत उडी मारायची आहे त्यानं आधी तेवढीच मोठी तालीम करावी, दोन्ही जागी, खऱ्या गर्दीइतक्या भाराखाली.

दोन्ही बाजू एकत्र चालवण्यात धोका नसतो, असा मात्र याचा अर्थ नाही. दोन प्रतींमधली वायर हीसुद्धा यंत्रणेचा भाग होऊन बसते आणि तीही आजारी पडते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. तिथे यंत्रं बदलण्याचं काम चालू होतं असं नाही. पण शेअर बाजारानं नंतर दिलेल्या खुलाशानुसार मूळ व्यवहार यंत्रणा ठीक होती. दूरसंचार जोडण्या डळमळल्या, त्यामुळे स्टोरेजचं जाळं अनपेक्षितपणे वागलं आणि मुख्य ठिकाणच्या सर्व्हरनाच ते दिसेनासं झालं. जोखीम तपासणारी यंत्रणा त्या स्टोरेजवर अवलंबून असल्यानं ती बंद पडली, आणि जोखीम न तपासता सौदे होऊ देणं शक्य नव्हतं. माहिती हरवू नये म्हणून ठेवलेली दुसरी प्रत आणि तिच्याकडे जाणारी वाटच कामाच्या आड येऊ शकते, हा यातला धडा. स्थलांतराच्या काळात तर अशी वाट नवीकोरी, कधी न पारखलेली असते. म्हणून ती जोडल्यावर पहिली चाचणी ती तोडून पाहण्याची असावी. भर दुपारी नव्हे, पण मुद्दाम, घड्याळ लावून. तोडल्यावर जुनं एकट्यानं चालतं का, हे ज्यानं पाहिलेलं नाही त्याच्याकडे दोन यंत्रं नसतात. एकमेकांच्या पायात पाय अडकलेलं एकच असतं.

उरला शेवटचा आणि आजचा सर्वांत लाडका आक्षेप: हे सगळं क्लाउडवर टाका, यंत्रं बदलण्याची कटकट त्यांची. बऱ्याच लहान संस्थांसाठी हा सल्ला योग्य आहे. पण कटकट नाहीशी होत नाही, तिचा पत्ता बदलतो, आणि तिथे जातानाचा मधला काळ आपल्यालाच काढावा लागतो. शंभर टेराबाइट पनवेलच्या डेटा सेंटरला न्यायचे असोत की दूरच्या एखाद्या देशात, वायर तीच आणि भागाकारही तोच. शिवाय आता नव्या यंत्रांचा भार इमारतीलाच पेलेनासा होऊ लागला आहे. पळसदरीच्याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ योट्टाचं एनएम-१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं, तेव्हा जाहीर झालेली क्षमता होती ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट. म्हणजे सरासरी रॅकमागे सात किलोवॉट. एनव्हिडियाचा बहात्तर जीपीयूंचा एक जीबी२०० रॅक एकटाच सुमारे १२० किलोवॉट मागतो आणि तो हवेनं थंड होत नाही. त्याच्या अंगातून पाणी खेळवावं लागतं. पळसदरीच्या फाट्यावरची गाडी जिथे संपते त्या खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून उभं आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी खाली आणून मुंबईच्या गिरण्या चालवायला ते बांधलं गेलं. आज त्याची क्षमता ७२ मेगावॉट. ते पूर्ण दमानं चाललं तरी असे ६०० रॅक तेवढे चालतील, बाकी काही धरलं नाही तर. त्यामुळे सर्व्हर बदलणं ही आता फक्त संगणकवाल्यांची बाब राहिलेली नाही. जुन्या रॅकच्या जागी नवा ठेवताना जमिनीनं वजन घ्यायला हवं, तारांनी प्रवाह आणि नळांनी पाणी. इथेही उत्तर तेच: एका कोपऱ्यात नवी पद्धत उभी करायची, ती पारखायची आणि उरलेली इमारत जुन्या पद्धतीनं चालू ठेवायची.

मधला काळ संपला असं कधी म्हणायचं? नवं चालू झालं तेव्हा नव्हे. जुनं नीट बंद झालं तेव्हा. हा शेवट सर्वांत दुर्लक्षित असतो, कारण तोवर सगळ्यांचे डोळे नव्याकडे लागलेले असतात आणि प्रकल्पाचा चहापाण्याचा समारंभही उरकलेला असतो. अमेरिकेतल्या मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेनं २०१६ मध्ये दोन डेटा सेंटर बंद केली आणि जुनी यंत्रं हलवण्याचं काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. त्यापायी २०२० मध्ये सहा कोटी आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कचरा कुणाच्या हाती गेला ते त्यातून कळेल. पण डिस्क त्याच्या हाती देण्याआधी कोरी केली होती का, हे संस्थेनंच पाहायचं आहे. प्रत्येक डिस्कचा क्रमांक, ती पुसली की चिरडली, कुणी, कधी, आणि सही, अशी पाच रकान्यांची वही हे या अवाढव्य कामातलं सर्वांत स्वस्त साधन. ती वही भरल्याशिवाय पुरवठादाराचं शेवटचं बिल मंजूर करू नये.

याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे. बऱ्याच डेटा सेंटरमध्ये एखादा सर्व्हर असा सापडतो की तो काय करतो हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. बसवणारा नोकरी सोडून गेलेला, कागद हरवलेले, आणि बंद केला तर काय बंद पडेल या धास्तीनं तो वर्षानुवर्षं तसाच घरघरत असतो. संस्थेतलं सर्वांत महाग यंत्र तेच, कारण त्याच्या भोवतीचं काहीही बदलायला कुणी धजत नाही. अशा वेळी पळसदरीच्या फाट्याकडे पाहावं. १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा खोपोलीची वाट उखडून टाकता आली असती, मुख्य काम तिच्याकडून गेलंच होतं. ती टिकली, कारण तिला स्वतःचे प्रवासी होते; आजही लोकलनं कामाला जाणारी माणसं तिच्यावर आहेत. घाटातलं दुसरं एक जुनं काम मात्र असं वाचलं नाही. गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन नवी वाट तयार होताच १९२९ च्या सुमारास सोडून देण्यात आलं, कारण तिथे थांबण्यावाचून गत नाही एवढ्याचसाठी गाड्या तिथे थांबत. उतरायचं कुणालाच नसे. जुन्या सर्व्हरबद्दल विचारायचा प्रश्न हाच. त्याला स्वतःचे प्रवासी आहेत का? असतील तर त्यांची यादी करा, त्याच्या नावानं एक जबाबदार माणूस नेमा आणि त्याला फाटा म्हणून मानानं चालू द्या. नसतील तर तारीख ठरवा, त्या तारखेपर्यंत परतीचा रूळ जपा आणि त्या दिवशी दिवा मालवा.